सायकलच्या ट्यूबचं कडं

मित्रांनो, मी जुना आहे हे माझ्या उडालेल्या रंगावरून कुणीही ओळखेल. मी हातात धरून बोलायचा माईक. माझ्या कुशीला एक बटण आहे. ते दाबलं की माझ्यापुढचा आवाज वायरीतून यंत्रात आणि यंत्रातून आभाळात जातो. मात्र तेवढा वेळ यंत्राचे कान बंद! समोरचा कितीही ओरडला तरी ऐकू येत नाही. बटण सोडलं की मग त्याची पाळी. एवढं लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी त्या बटणाचीच आहे.

मी घडलो फौजेसाठी, पण लढाई काही माझ्या नशिबी आली नाही. मुंबईच्या भंगारात धूळ खात पडलो होतो. सदुसष्ट साली कर्जतच्या भिसेगावातल्या दामूने मला तिथून उचललं. दामू रेल्वेत सिग्नलच्या तारा सांभाळायचा. परीक्षा देऊन त्याने हौशी रेडिओचा परवाना काढला होता आणि जुने व्हॉल्व्ह जोडून यंत्र घरीच बांधलं होतं.

रोज सकाळी सातला आमची बैठक बसायची. आधी कुणी बोलत नाही ना ते ऐकायचं, मग आपलं परवान्याचं नाव सांगायचं, बोलायचं, 'ओव्हर' म्हणायचं आणि बटण सोडायचं. मोहोपाड्याच्या कारखान्यातला हिरामण तर ठरलेलाच. कधी लांबचाही कुणी भेटायचा आणि मग आठवण म्हणून पोस्टाने कार्ड पाठवायचा. सिलोनहून कार्ड आलं तेव्हा दामूच्या बायकोने, येसूबाईने, आळीत पेढे वाटले. दामू मला रोज मऊ फडक्याने पुसायचा. खरं सांगतो, तेव्हा मला जरा शिंगंच फुटली होती.

पुढे कामावर दामूचा अंगठा चेंगरला. बटण दाबून धरलं की कळ यायची. म्हणून त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचं एक कडं कापलं. लांबलचक बोलायचं असलं की ते माझ्यावर चढवायचं, बटण आपोआप दाबलेलं राहायचं. बोलणं संपलं की कडं काढायचं. एकदा काढायचं राहिलं आणि नवरा-बायकोचं सुकट खारट झाल्याचं भांडण अर्धा तास सगळ्यांनी ऐकलं. हिरामणने कार्डावर विचारलं, 'आजची सुकट कशी?' दामूची लेक चंद्रभागा तर महिनाभर बापाला चिडवत होती. सगळे हसले, मीही हसलो. तिथंच आमचं चुकलं.

बटण दाबलेलं असलं की यंत्रावर एक लाल दिवा लागायचा. तो उडाला. दामू म्हणाला, रविवारी बसवतो. असे आठ रविवार गेले.

शहात्तर साल होतं. वादळाने टेलिफोनचे खांब झोपवले होते. चंद्रभागा लग्न होऊन मोहोपाड्याला हिरामणच्या शेजारीच राहायची. तिचे दुसऱ्या खेपेचे दिवस भरले होते. पहिल्या बाळंतपणात तिचं फार रक्त गेलं होतं, तेव्हा दामूचंच रक्त तिला जुळलं होतं. म्हणून ठरलं होतं की गरज पडली तर हिरामण सकाळी सातला रेडिओवर सांगेल आणि दामू तडक पनवेलच्या दवाखान्यात जाईल.

त्या सकाळी दामूने सात वाजता कडं चढवलं. वादळाचं, पडलेल्या झाडांचं बरंच काही बोलला. शेवटी म्हणाला, "हिरामण, मी ऐकतोय रं. सांग आता तुझी खबर." आणि मला टेबलावर ठेवलं. कडं तसंच राहिलं.

मित्रांनो, मला कळत होतं! बटण माझ्या अंगात रुतलेलं होतं. पण माझ्यापुढं कुणी बोललं तर ते मी पुढं नेतो, माझं स्वतःचं असं मला काही बोलता येत नाही. यंत्राची नेहमीची खरखरही बंद होती, तेवढ्यावरून तरी दामूला उमजायला हवं होतं. येसूबाईने विचारलं, "अवं, आज यंत्र एवढं गप का?"

दामू म्हणाला, "गप हाय म्हंजे सगळं ठीक हाय. माझी चंदा हिमतीची हाय गं."

तो तीन तास ऐकत बसला. चहा तिथंच घेतला, जागचा हलला नाही. मी त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होतो.

दहा वाजता दारात जीप थांबली. पडलेली झाडं चुकवत हिरामण स्वतः आला होता. त्याने माझ्यावरचं कडं ओढून काढलं आणि यंत्र खरखरायला लागलं. दामूने एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा हिरामणकडं, आणि तसाच जीपमध्ये जाऊन बसला.

पनवेलला त्याने रक्त दिलं. पण उशीर झाला होता. बाळ राहिलं, चंद्रभागा गेली.

तेराव्या दिवशी हिरामणने दामूला या टेबलाशी बसवून सगळं सांगितलं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत चंद्रभागा त्याच्याच ओटीवर पडून होती. यंत्रातून आई-बापाचा आवाज तिला ऐकू येत होता. हिरामण हाका मारून मारून संतापला, तर तीच त्याला म्हणाली, "काका, बाबांवर रागावू नका. बटण अडकलंय त्यांचं. मी ऐकते ना."

त्या दिवसापासून दामू रेडिओवर एक शब्दही बोलला नाही. लाल दिवा मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी बसवला. अजून रोज सातला तो यंत्र लावतो आणि नुसता ऐकतो. कधी मला हातात घेतो. अंगठा बटणापर्यंत येतो, थांबतो, आणि तो मला परत खाली ठेवतो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण तुमचं बोलून झालं ना, की बटण सोडा. पलीकडे कुणीतरी कधीपासून हाका मारत असेल.