दाराआडचे आकडे

कौसाबाईला बंद दाराची भारी चीड. प्रकाश्यासारख्या गावात भरदिवसा दार लावून बसतं कोण? एक तर भांडलेलं माणूस, नाहीतर लपवाछपवी करणारं. आणि तिची सून यामिनी सकाळी दहापासून आतून कडी लावून बसे, मोबाइल मात्र बाहेर ठेवून. कंपनीचा नियमच तसा, म्हणे.

यामिनीचं काम मेडिकल कोडिंगचं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक दुखण्याला त्याचा ठरलेला आकडा द्यायचा. शहाद्यात या कामाचे क्लास गल्लोगल्ली निघाले होते, गावातल्या आणखी तीन पोरी तिथं जायला लागल्या होत्या. पण हल्ली निम्मे आकडे कॉम्प्युटरच सुचवतो, माणसानं नुसतं तपासायचं, म्हणून कंपनी माणसं कमी करतेय, हेही यामिनीनंच सांगितलेलं. तेव्हापासून पोरगी पाणी प्यायलासुद्धा उठत नसे.

कौसाबाईला यातलं काही पटत नव्हतं. दुखण्याला आकडे दिल्याचा पगार कोण देतं? शेजारच्या मीनाबाईनं तर कानाला लागून सांगितलं होतं, "त्या कॉम्प्युटरम्हा कॅमेरा ऱ्हास, कौसाबाई. घरम्हानं सगळं दिसस कंपनीवालासले."

त्यात सोमवारी यामिनीचा हात भाजला. पुऱ्या तळताना ड्यूटीची वेळ झाली म्हणून ती मान वळवून घड्याळ बघत होती. या घाईचाच कौसाबाईला राग आला. तिनं पकडीनं कढई हिसका मारून आपल्याकडे ओढली आणि तेल उसळून सुनेच्या मनगटावर आलं. "मन्हाच धक्का लागना," यामिनी कळवळत म्हणाली. कौसाबाईनं तिला तसंच समजू दिलं.

आज ती दाराशी दादर ज्वारी निवडत बसली होती. दादर नावाला, कान सगळे आत. नजरेतून काही सुटू नये म्हणून यामिनी पुटपुटत वाचायची. "किचन... हॉट ऑइल... मदर-इन-लॉ."

कौसाबाईच्या हातातलं सूप खाली आलं. एवढं इंग्रजी टीव्हीनं तिला शिकवलं होतं. म्हणजे पोरीला सगळं माहीत होतं, आणि ती लिहून कळवत होती! उद्या पोलीस दारात, भाऊबंदकीत तोंड काळं.

तिनं दार बडवलं. कुणाला काय झालं म्हणून यामिनीनं घाबरून कडी काढली, तशी कौसाबाई तिला ढकलून थेट पडद्यासमोर गेली.

"काय लिखी ऱ्हायनी वं मन्हा नावनं? मी जाणूनबुजून नही करं! कढई ओढी, बस. तेल उसळनं, त्याले मी काय करू?"

पडदा काळा झाला. कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसला की तो आपोआप बंद व्हायचा आणि साहेबांना कळायचं.

यामिनी पडद्याकडे बघत राहिली. "ती अमेरिकानी बाई व्हती, आई. तिनी सासूनी तिले भाजं. डॉक्टरनी लिखेल शे तेच आम्ही घेतस, पदरनं काहीच नही."

बाहेर मोबाइल वाजू लागला. साहेबांचाच असणार. यामिनी जागची हलली नाही. पट्टी बांधलेला हात तिनं सासूपासून हळूच मागे घेतला.

"मले तं वाटे," ती म्हणाली, "मन्हाच धक्का लागना."