लंडनला जाऊन आलेली वेताची काठी

मी एक जुनी वेताची काठी आहे आणि मित्रांनो, मी लंडन पाहून आले आहे. हसू नका. पुण्यातल्या किती काठ्यांना असं सांगता येईल?

माझा जन्म कसबा पेठेतला. एका कारागिराने वेत शेकून माझी मूठ वाकवली, खाली रबरी टोपण बसवलं आणि मला दुकानाच्या दारात टांगलं. तिथून मला कचरूकाकांनी नेलं. अमरावतीहून येऊन ते इथल्या कारखान्यात राबले होते आणि निवृत्तीनंतर नारायण पेठेत राहत होते. रोज सकाळी आम्ही दोघं नदीकाठी फिरायचो. काका मला म्हणायचे, "एकदा लंडनला जायचं. बाबासाहेब शिकताना राहिले ते घर बघायचं. चंद्रभागेलाही न्यायचं." चंद्रभागा म्हणजे आमच्या काकू. पण तो बेत राहूनच गेला. काका गेले आणि मी दारामागे उभी राहिले. जळमटं काढायची वेळ आली की तेवढी माझी आठवण व्हायची. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मग एके दिवशी त्यांची मुलगी शर्मिला म्हणाली, "आई, बाबांचं राहिलं ते आपण दोघी करू."

चंद्रभागाकाकूंनी डोळे पुसले आणि त्या तयारीला लागल्या. शर्मिला रोज संध्याकाळी मोबाइलवर रस्ते शोधायची. लंडनमध्ये जमिनीखालच्या रेल्वेने फिरायचं, तर सरकत्या जिन्याची सवय हवी. म्हणून दर रविवारी बुधवार पेठेच्या मेट्रो स्टेशनवर रंगीत तालीम! पहिल्या दिवशी काकू एक पाय उचलून नुसत्याच उभ्या. मागून एक गृहस्थ म्हणाले, "आजी, मुहूर्त बघताय का?"

"मुहूर्त आम्ही मानत नाही हो," काकू म्हणाल्या. "हा गुडघा ऐकत नाहीये."

जिना हळूहळू जमला. मला मात्र त्या हात लावेनात. "काठी घेतली तर फोटोत म्हातारी दिसेन." शेवटी शर्मिलानेच मला सोबत घेतलं आणि लंडनभर काखेत धरून मिरवलं. त्यामुळे झालं असं की गाडीत लोक उठून शर्मिलालाच जागा द्यायचे. ती बिचारी लाजून आईला बसवायची.

बाबासाहेबांचं ते घर आम्ही शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं आणि नेमका तिथेच घोळ झाला. शर्मिलाने सर्वांत जवळचं स्टेशन शोधलं होतं, पण लिफ्ट चालू आहे का हे सकाळी बघायचं राहिलं. लिफ्ट बंद होती. वर जायला उरला होता गोल गोल चढत जाणारा उंच जिना. काकू थोड्या पायऱ्या चढल्या आणि गुडघा धरून मटकन खाली बसल्या.

"शर्मिले, तू जाऊन ये. तू बघितलंस म्हणजे मीच बघितलं."

"उद्या आपलं विमान आहे, आई. पुन्हा कधी येणार आपण?" शर्मिला रडायलाच लागली.

काकूंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "काऊन रडतेस? दे ती काठी इकडे."

त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला. इतक्या वर्षांनी! मी वाकले, पण मोडले नाही. आम्ही पुन्हा खाली उतरलो, गाडीने मागच्या स्टेशनला गेलो, तिथल्या लिफ्टने वर आलो आणि बस पकडली. ड्रायव्हरने मला पाहिलं आणि एक बटण दाबलं, तशी अख्खी बस दाराच्या बाजूने खाली कलली. "अगं, बस वाकली माझ्यासाठी!" काकू केवढ्याने ओरडल्या! त्या ड्रायव्हरचे उपकार मी विसरणार नाही.

घरासमोर आल्यावर काकूंनी हात जोडले. "जय भीम," हळूच म्हणाल्या. शर्मिलाने हात पुढे केला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "ह्या पायऱ्या मी तुझ्या बाबांना घेऊन चढणार आहे." आणि माझी मूठ घट्ट धरून त्यांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. मित्रांनो, त्या मुठीवर कितीतरी सकाळी काकांचा हात होता. ज्या कारागिराने ती वाकवली, त्याचे मी मनोमन आभार मानले.

तुमच्याही घरात कुणी काठी धरायला लाजत असेल. त्यांना हसू नका, त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्या एका हातात काठी द्या आणि दुसरा हात तुम्ही धरा.