दुपारी निजणारी गल्ली

नगरपालिकेचा अहवाल म्हणतो, की गोदामांमागची गल्ली निर्जन आढळली. प्रत्यक्ष पाहणीत एकाही दारातून प्रतिसाद मिळाला नाही, सबब पाडकामापूर्वी कोणालाही पर्यायी घर देणे लागत नाही.

यातले एकही वाक्य खोटे नाही, हीच त्याची कारागिरी. पाहणी झाली, पण भर दुपारी. प्रतिसाद मिळाला नाही, कारण त्या गल्लीत रात्रपाळीची माणसे राहतात: इस्पितळातल्या आया, पहारेकरी, पाव भाजणारे. शहराची झोप जे राखतात त्यांना स्वतःची दिवसाउजेडी उरकावी लागते. तिथे दारावरच्या घंटीत चिंध्यांचा बोळा असतो, खिडक्यांना जाड पडदे असतात आणि भाजीवाला भाव बोटांनी सांगतो. शहर हिंडून पाहणाऱ्याला हे पहिल्याच फेरीत कळते. पाहणी करणाऱ्याला कळले नाही, असे मानायचे.

सुनावणीला गल्लीतली एक आया, सगळे तिला मावशी म्हणतात, पाळी संपवून थेट आली, इस्पितळाच्या साडीतच. ती दुसऱ्या मजल्यावर राहते. घर गेले तर तिला जायला दुसरे नाही.

"बाई, घरात होतात तर दार का नाही उघडलंत?" अध्यक्षांनी विचारले.

"वाजलंच नाही, तर काय स्वप्नात उघडू?"

मागून पहारेकरी म्हणाला, "साहेब, तुमच्या कचेरीतही दुपारी कोणी ओ देत नाही. पाडायची का?"

हशा झाला. अध्यक्षांनी टेबल वाजवले आणि पाहणी करणाऱ्या कारकुनाला उभे केले.

हा मावशीच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा. त्याच दुसऱ्या मजल्यावर तो वाढला, चवड्यांवर चालायला शिकला. त्याची पदवी मावशीच्या रात्रपाळ्यांवर झाली.

"खाली काय बघतोस?" मावशी म्हणाली. "माझ्याकडे बघ नि सांग, आत कोणी होतं का?"

त्याने सांगितले. अध्यक्षांनी जबानी लिहून घेतली आणि पाडकामाचा हुकूम कायम केला; हरकतीची मुदत आदल्या दुपारी, गल्ली झोपेत असताना, संपली होती. जबानी शब्दशः अशी:

"गल्ली रिकामी लिहायची हे वरून ठरलेलंच होतं. तरी मी दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलो. मावशीचं घोरणं बाहेर ऐकू येत होतं. दार वाजवलं असतं तर तिनं उघडलं असतं, जेवून जा म्हणाली असती. मग मला लिहिता आलं नसतं."