दत्तूभाऊंच्या नावावरची मेमरी

"आज बंद पडला तर काढूनच टाकतो," माझा सहकारी अमित म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. काढायचा होता तो आमच्याच ऑफिसातल्या दत्तूभाऊंचा प्रोग्रॅम. लासलगावचा लिलाव सुरू झाला की तो शेतकऱ्यांना फोनवर अहिराणीत कांद्याचे भाव सांगतो. दत्तूभाऊंनी तो वडिलांसाठी केला. देवळ्याला राहणाऱ्या त्या पुंजाकाकांची नजर गेलीय. आणि आठवडाभर ऐन लिलावात तो बंद पडत होता.

आमच्या नाशिकच्या ऑफिसात सर्व्हर एकच, त्यावर तिघांचे प्रोग्रॅम. लिनक्समध्ये मी प्रत्येकाचा वेगळा गट करून मेमरीची मर्यादा घातलीय. गट मर्यादेला टेकला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी जागा मोकळी करायला बघतं. नाही जमलं तर सरळ प्रोग्रॅम मारतं.

"खादाड आहे हो तुमचा प्रोग्रॅम," अमित म्हणाला. दत्तूभाऊंनी नुसती मान डोलावली. असा राग आला मला! अहो, भांडा की जरा! हा माणूस डब्यातली भाकरीसुद्धा आधी दुसऱ्याला देतो.

मी त्यांच्या गटाचा हिशोब उघडला. प्रोग्रॅमची स्वतःची मेमरी जेमतेम, बाकी सगळी सामायिक. बाजारभावांचा भलामोठा तक्ता तिघांचेही प्रोग्रॅम वापरतात, पण सकाळी तो मेमरीत आणतो यांचा. का, तर बाकीच्यांना ताटकळायला नको! आणि कर्नलचा नियम असा की जो पहिल्यांदा हात लावेल, सगळा भार त्याच्या नावावर. मग लिलावात ऐकणारे वाढले की उरलेली जागा पुरायची नाही. अमितचा प्रोग्रॅम मात्र आयत्या पिठावर रेघोट्या ओढतोय.

"दत्तूभाऊ, तुम्ही ना, अगदी भोळे सांब आहात!" मी ओरडलेच.

ते हसले. "सगळ्यांनाच लागतो ना तो, मोहिनीताई."

तक्ता आणायचं काम मी वेगळ्या गटात टाकलं, त्याला त्याची मर्यादा दिली आणि तक्ता मेमरीत नव्यानं चढवला, म्हणजे त्याचा भार दत्तूभाऊंच्या नावावरून उतरला. अमित मागे येऊन उभा राहिला.

लिलाव सुरू झाला. दत्तूभाऊंच्या गटाचा मेमरीचा आकडा चढला, चढला आणि मर्यादेच्या बराच खाली थांबला. थोड्या वेळानं दत्तूभाऊंचा फोन वाजला. स्पीकरवर पुंजाकाका होते.

"आवाज उना रे, दत्तू! उना!"

दत्तूभाऊंनी फोन माझ्यापुढे केला. मी घेतला. "काका, आवाज आता रोज येईल," म्हटलं, आणि अमितकडे वळून पाहिलं.