राणीच्या कपाळावरचा ठसा

१८६२ सालचा तांब्याचा पाव आणा पारदर्शक डबीत सीलबंद होऊन कन्हेरीला परत आला, तेव्हा त्याच्यावर एकही डाग नव्हता. पुढचा पावसाळा संपला, आणि डबी कुणीही न उघडता नाण्यावरच्या व्हिक्टोरिया राणीच्या कपाळावर माणसाच्या बोटाचा ठसा उमटला.

नाणे मोहनरावांचे. कन्हेरीला त्यांची ढोबळी मिरचीची बागायत होती आणि घरात जुन्या नाण्यांचे एक लोखंडी कपाट. मिरची ते कुणाच्याही ओंजळीत टाकत, नाणे मात्र कुणाच्या हाती देत नसत. स्वतःसुद्धा ते कडेनेच, दोन बोटांत धरत. या पाव आण्यावर टाकसाळीतून निघतानाची तांबडी झळाळी अजून शाबूत होती. जुन्या तांब्यावर ती क्वचितच टिकते आणि नकली झळाळी सहज आणता येते. म्हणून त्यांनी नाणे ग्रेडिंगला पाठवले. ग्रेडिंग करणारी कंपनी नाणे खरे की खोटे ते ठरवते, झीज आणि झळाळी पाहून प्रत देते, फोटो काढते आणि फोडल्याशिवाय न उघडणाऱ्या डबीत ते बंद करते. डबी फोडली की प्रत रद्द. त्या भागातली नाणी गोळा करून कंपनीकडे धाडण्याचे काम इंदापूरचे विजयसिंह करत. बाजारपेठेत त्यांचे जुन्या नाण्यांचे दुकान होते.

ठसा दिसला त्या वर्षी नाणेसंग्राहकांचा मेळावा बारामतीत भरला. मोहनरावांनी भाबडेपणाने डबी विजयसिंहांपुढेच धरली आणि हे कसे झाले असेल, असे विचारले. विजयसिंहांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि आवाज चढवला.

"मोहनराव, म्या पाठवलं तवा डाग नव्हता. कंपनीचा फोटो हाय. मग आत बोट कुणाचं गेलं? डबी फोडून खरं नाणं काढलं आन् दुसरं बसवलं, असंच का न्हाय?"

"म्या कशापायी फोडू, विजयसिंहराव?"

"ते तुमालाच ठावं!"

सभागृह हसले. मेळावा भरवणाऱ्या संग्राहक मंडळाने मोहनरावांचे सदस्यत्व चौकशी होईपर्यंत थांबवले आणि चौकशी कधीच केली नाही. त्याच हिवाळ्यात मोहनराव वारले.

त्यांची मुलगी संजीवनी बारामतीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. वडील, तिचे आबा, हृदयविकाराने गेले, अपमानाने नव्हे, हे तिला ठाऊक होते; त्या दोहोंत कार्यकारणसंबंध जोडावा इतका पुरावा नव्हता. पण विजयसिंहांना त्याच सभागृहात, त्याच माणसांपुढे मान खाली घालायला लावायची, तर त्यासाठी त्या पुराव्याची गरजही नव्हती.

तिने प्रथम डबी थेट कंपनीकडे तपासणीसाठी पाठवली. वडिलांनी हे केले नव्हते. त्यांच्या समजुतीने कंपनीकडे जाणारी वाट एकच होती आणि ती विजयसिंहांच्या दुकानातून जात होती. अहवाल आला. डबी मूळचीच, कधीही न उघडलेली. नाणे फोटोतलेच, किनारीजवळची बारीक खोकसुद्धा जुळणारी. बोट लागले ते सील करण्यापूर्वी. पुसल्यावरही उरलेले घामातले मीठ आणि तेलकटपणा तांब्याला सावकाश खातो, आणि ठसा मागाहून दिसू लागतो. झळाळीची प्रत यापुढे एक पायरी खाली.

मोहनरावांचे नाव स्वच्छ व्हायला एवढा कागद पुरेसा होता. संजीवनीने तो कुणालाही दाखवला नाही. तिला बोट हवे होते.

सूक्ष्मदर्शकाखाली ठसा चांगला स्पष्ट होता. रेषांच्या मधून एक तिरकी, कोरी पट्टी गेली होती. ती जुन्या जखमेची खूण असावी. आणखी एक गोष्ट तिला खटकत होती. चुकून लागलेले बोट कुठेही लागते. हे बोट बरोबर राणीच्या कपाळावर, मध्यभागी टेकलेले होते.

"त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यावर लिंबू टाकून येते," आई शकुबाई म्हणाल्या. ओट्यावर त्यांनी तीन लिंबे काढूनही ठेवली होती. "त्याचं वाटुळं झाल्याबिगर माझा जीव थंड व्हायचा न्हाय."

"लिंबानं काही होत नाही, आई."

"तुझ्या त्या काचेच्या नळीनं व्हतंय व्हय? दोन वरीस झाली, नुसती डोळा लावून बसलीयास."

"नाणं द्यायला आबांबरोबर कोण गेलं होतं?"

"मीच की. भल्या पाटं गेलो व्हतो आमी. त्यानं नुकतं शटर उघडलं व्हतं. आबांची भवानी झाली म्हणून केवढा खूश झाला मुडदा!"

भवानी, म्हणजे दिवसाचा पहिला व्यवहार. संजीवनी त्याआधी दोनदा त्या दुकानात जाऊन नजर ठेवून आली होती. दोन्ही वेळा दुपारी. निरीक्षणाची वेळच चुकली होती.

तिने ओट्यावरची लिंबे उचलली.

"आता कुठं न्हेतीस ती?"

"लागणार आहेत."

तिने व्हिक्टोरियाचेच तीन साधे, काळवंडलेले पाव आणे विकत घेतले आणि लिंबू-मीठ लावून तांबडे लख्ख केले. संग्राहकाच्या दृष्टीने हे पाप होते. मोहनरावांनी पाहिले असते तर जेवले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने, निमगाव केतकीवरून, त्यांतले एक नाणे घेऊन ती इंदापूरला पोचली आणि शटर वर जाताच आत शिरली.

"या ताई! भवानीलाच आलात." विजयसिंहांनी नाणे कडेने उचलले, भिंग लावले आणि हसले. "प्राध्यापक ना तुमी? आवो, हे धुतलेलं हाय. कंपनी प्रत द्यायची न्हाय. 'साफ केलेलं' म्हणून शेरा मारंल नुसता."

तो माणूस आपल्या कामात कच्चा नव्हता. हे तिने मनात नोंदवून ठेवले. त्याने तिचा राग कमी झाला नाही, उलट त्याला धार आली. डबीचा सांधा पाहून ती फोडलेली नाही हे याला त्या दिवशी सांगता आले असते.

"शेरा मारला तरी चालेल. पाठवा."

"बरं बाई. गिऱ्हाइकाची मर्जी."

विजयसिंहांनी नाणे गल्ल्यावरच्या लक्ष्मीच्या तसबिरीपुढे ठेवले. निरांजन लावले. उजव्या हाताची अनामिका पाण्यात बुडवली, हळदीत टेकवली, कुंकवात टेकवली आणि राणीच्या कपाळावर दाबून ठेवली. मग नाणे कडेने उचलून डोळ्यांना लावले, मऊ कापडाने हळुवार पुसले आणि पाकिटात सरकवले. कापड फिरल्यावर नाण्यावर काहीही दिसत नव्हते.

"राणीछाप म्हंजे लक्ष्मीच," ते म्हणाले. "भवानीच्या नाण्याला लावल्याबिगर पाठवत न्हाय म्या. बाकीची तशीच जात्यात."

"बोटाला काय लागलंय तुमच्या?"

"ह्ये व्हय? शटरात सापडलं व्हतं. जुनं हाय."

अनामिकेच्या पेरावरून तिरकी खूण गेली होती. संजीवनीने हात पुढे केला.

"द्या इकडे ते पाकीट. राहू दे. विचार बदलला."

विजयसिंहांचा चेहरा उतरला. "आवो, भवानी माघारी न्हेता व्हय? दिवस खराब जाईल माझा!"

"एकच दिवस ना?" ती म्हणाली आणि पाकीट घेऊन बाहेर पडली.

खूण दिसली म्हणजे बोट सिद्ध झाले, असे नव्हे. तिने तिन्ही नाणी हवाबंद डब्यांत घातली: एक विजयसिंहांनी कुंकू लावलेले, एक, ज्याला कुंकू आगपेटीच्या काडीने लावून तसेच पुसले होते, आणि एक, ज्याला कशाचाच स्पर्श नव्हता. तिन्ही डब्या तिने प्रयोगशाळेत एकाच फळीवर ठेवल्या आणि वाट पाहिली. सूड घ्यायचा असला तरी ऑक्सिडेशनची गती वाढवण्याचे तिला कारण दिसत नव्हते. पावसाळा आला आणि गेला. पहिल्या नाण्यावर ठसा उमटला, तिरक्या कोऱ्या पट्टीसकट. बाकीच्या दोन्हींवर ठसा नव्हता.

त्या वर्षीच्या मेळाव्यात तिने बोलायला वेळ मागितला. अध्यक्ष तात्याबा, निमगावचे वयोवृद्ध संग्राहक, "थोडक्यात आटप, पोरी," म्हणाले. पहिल्या रांगेत विजयसिंह बसले होते. शकुबाई त्यांच्या अगदी मागे, मुद्दाम.

संजीवनीने पडद्यावर आधी कंपनीचा अहवाल दाखवला. सभागृहात कुजबुज झाली. मग दोन ठसे शेजारी शेजारी दाखवले.

"डावीकडचा आबांच्या नाण्यावरचा. उजवीकडचा मी गेल्या वर्षी इंदापूरला दिलेल्या नाण्यावरचा. विजयसिंहकाका, उजवा हात जरा वर करता का? अनामिका."

हात वर झाला नाही. पण शेजाऱ्यांनी वाकून पाहिलेच.

"आरं तिच्या! शटरात घावलेलं बोट ह्ये!" मागून कुणीतरी ओरडले. "राणीला कुंकू लावलं व्हय, विजयसिंहराव? धनी कोण मग तिचा?"

सभागृह हसले. तीन वर्षांपूर्वीइतकेच मोठ्याने. संजीवनी हसणे पुरते थांबेपर्यंत थांबली. तिने ते मध्येच तोडले नाही.

विजयसिंह उठले. "म्या काय चोरी केली का?"

"नाही. तसं मी कुठंही म्हटलेलं नाही."

"मग एवढं मनात ठिवून ह्या हितं, चारचौघांत... घरी येऊन सांगितलं असतंस तर म्या आपणहून..."

"आबांना तुम्ही घरी येऊन विचारलं होतं का?"

विजयसिंह खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेले. तात्याबांनी मोहनरावांचे सदस्यत्व ते थांबवले त्या तारखेपासून अबाधित असल्याचे जाहीर केले. टाळ्या वाजल्या. शकुबाईंनी वाजवल्या नाहीत.

"मी व्हते की तवा तितं," जिना उतरताना त्या हळूच म्हणाल्या. "त्यानं कुंकू लावलं, आन् मी हात जोडले. आबांनीबी जोडले."

संजीवनी पायरीवर थांबली. "मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"देवाचं केल्यालं कोण सांगत बसतं? त्यात काय वंगाळ हाय, असं वाटलंच न्हाय."

वडिलांनी नाणे आयुष्यभर कडेने धरले, आणि परक्या बोटाने राणीच्या कपाळाला कुंकू लावले तेव्हा हात जोडले. संजीवनीने ही माहिती अनावश्यक म्हणून वगळता येईल का, याचा घरी बसून विचार केला, आणि वगळली नाही. लोखंडी कपाटात डबीखाली ठेवायच्या चिठ्ठीवर तिने लिहिले:

"डबी अभंग. नाणे अस्सल व मूळचेच. ठसा विजयसिंह यांच्या उजव्या अनामिकेचा. दिवसाच्या पहिल्या नाण्याला हळदकुंकू लावण्याच्या प्रथेत सील करण्यापूर्वी उमटला. कापडाने कुंकू पुसले गेले, बोटाचा घाम राहिला. कुंकवाने ठसा पडत नाही, बोटाने पडतो. त्या वेळी मोहनराव व शकुबाई समक्ष हजर होते. हरकत कुणीही घेतली नाही."