ब्याण्णव होड्यांची सकाळ

यॉट क्लबच्या सेक्रेटरी झाल्या तेव्हा वहिनींना शिडाच्या होडीतलं एकच कळत होतं: मुलगी तिच्यात बसून गेली की परत येईपर्यंत जिवात जीव नसतो. त्या बस डेपोत वाहतूक नियंत्रक होत्या. कोणती बस कुठल्या रांगेत उभी राहील, कोणाच्या मागून फाटकाबाहेर पडेल, हे त्या सव्वीस वर्षं ठरवत आल्या होत्या. त्यांचे धाकटे दीर क्लबसाठी होड्या बांधायचे आणि त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून सगळा क्लबच वहिनी म्हणू लागला. पुढे दीर भांडून क्लब सोडून गेले. वहिनी मात्र सगळ्यांच्या वहिनीच राहिल्या.

सेक्रेटरीपद त्यांच्याकडे आलं ते वार्षिक सभेत त्या पाच मिनिटं फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या म्हणून. परत आल्या तर टाळ्या चालू होत्या.

क्लब म्हणजे खाडीच्या काठावरची एक लांब पत्र्याची शेड, तिला चिकटून कार्यालयाची खोली, आणि खोलीत एक सोफा. त्या सोफ्याची स्प्रिंग वर आलेली असल्यामुळे त्यावर फक्त पाहुणे बसत. अशा क्लबकडे एक दिवस जागतिक डिंगी संघटनेचं पत्र आलं. डिंगी म्हणजे एकट्यानं चालवायची शिडाची छोटी होडी. दोन वर्षांनी होणारी जागतिक स्पर्धा भरवायला कोणता क्लब तयार आहे, अशी विचारणा होती. पत्र सगळ्याच क्लबांना गेलं होतं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी ते कार्यकारिणीत मोठ्यानं वाचलं आणि सगळे हसले.

"यात हसण्यासारखं काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, एकतीस देश, एकशेवीस होड्या," डॉक्टर म्हणाले. "आणि आपल्याकडे संडास दोन. त्यातल्या एकाची कडी लागत नाही."

"कडी बसवता येते. वारा बसवता येत नाही. तो आपल्याकडे आहे की नाही?"

वारा होताच. त्या खाडीवर सकाळी नऊच्या सुमारास वारा उठायचा आणि पाच वाजेपर्यंत दमायचा नाही. इतर क्लबांची माणसं त्यासाठी सुट्टी काढून येत. शेवटी "पाठवून तर बघू" असं म्हणून ठराव झाला, आणि वहिनींनी चार रविवार बसून प्रस्ताव लिहिला. दुसरा प्रस्ताव एकाच क्लबचा होता, राजधानीतल्या. त्यांच्याकडे काचेचं सभागृह होतं आणि दर खोलीत दूरध्वनी.

संघटनेनं पाहणीसाठी पाठवलेल्या निरीक्षक बाई एका गुरुवारी सकाळी आल्या. साठीच्या, सडसडीत, केस बारीक कापलेले. एकेकाळी त्या स्वतः जगज्जेत्या होत्या असं मुलीनं वहिनींच्या कानात सांगितलं. बाई दोन तास पाण्यावर फिरल्या आणि हसतमुखानं परत आल्या. मग त्यांनी खिशातून टेप काढली, होड्या पाण्यात उतरवण्याचा काँक्रीटचा उतार मोजला, आणि हसू गेलं.

कार्यालयात त्यांनी सोफ्यावर बसायचं टाळलं. उभ्यानंच म्हणाल्या, "पाणी उत्तम. वारा तर मला घरी न्यावासा वाटतो. पण उतार सहा मीटरचा आहे. एकशेवीस होड्या त्यावरून पाण्यात जायला दोन तास लागतील. तेही चालवून घेता येईल. पण अचानक वारा खवळला आणि सगळ्या एकदम परत आल्या, तर तुमच्या दारात मुलं एकमेकांवर आदळतील. माझ्या अहवालात मला हे लिहावं लागेल."



"तुम्ही इथून कधी निघणार?" वहिनींनी विचारलं.

"रविवारी दुपारी."

"आमच्या डेपोचं फाटक एका बसच्या रुंदीचं आहे. पहाटे पाच ते साडेसहा त्यातून एकशेचाळीस बस बाहेर पडतात. रविवारी सकाळी आठला या. शंभराच्या आसपास होड्या उतरवून दाखवते. वेळ तुम्ही सांगा."

निरीक्षक बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "जायला पन्नास मिनिटं. यायला तीस. आणि माणूस हरवता कामा नये."

"ठीक आहे," वहिनी म्हणाल्या.

बाई गेल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "वहिनी, आपल्याकडे होड्या अठ्ठावीस आहेत."

"मोजता येतं मला," वहिनी म्हणाल्या, आणि मुलीला पलीकडच्या काठावरच्या दोन क्लबांना फोन करायला बसवलं.

स्वतः त्या उताराच्या कडेला स्टूल टाकून बसल्या. मुली-मुलं होड्या उतरवत होती. तासभर नुसतं पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की होड्या अडत नव्हत्याच. होडी ढकलत न्यायची ती दोन चाकांची गाडी, ती अडवत होती. होडी पाण्यात गेली की रिकामी गाडी त्याच उतारावरून वर यायची, आणि वरून खाली येणाऱ्यांच्या अंगावर जायची. येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला एकच वाट. डेपोत असं कोणी केलं असतं तर त्यांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

म्हणजे गाड्यांसाठी दुसरी वाट हवी होती. उताराला लागून गोट्यांचा किनारा होता, पण घोट्यापर्यंत पाय रुतत. चाकं तर बुडलीच असती. त्या गोट्यांवर दोन दिवसांत रस्ता करू शकेल असा एकच माणूस त्यांना माहीत होता, आणि त्यानं आठ वर्षं क्लबात पाऊल टाकलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्या दिरांच्या कारखान्यात निघाल्या. फाटकापाशी डॉक्टर गाडी घेऊन उभे होते.

"मी येतो," ते म्हणाले. "तो गेला तो माझ्यामुळे."

दीर एका होडीच्या तळाला रंधा मारत होते. वहिनींना पाहून त्यांनी रंधा ठेवला, मागे डॉक्टर दिसले तसा पुन्हा उचलला.

"भाऊजी, काम आहे," वहिनी म्हणाल्या.

"तुमचं असेल तर सांगा. क्लबचं असेल तर कमिटीला विचारा. मी सुतार आहे, ठराव करणं माझं काम नाही."

हेच शब्द डॉक्टरांनी आठ वर्षांपूर्वी भरसभेत त्यांना ऐकवले होते. भुश्शाचा वास असलेल्या त्या शेडमध्ये डॉक्टर पुढे झाले.

"मी तेव्हा बोललो ते चूक होतं. दुसऱ्या दिवशीच कळलं होतं मला. यायला आठ वर्षं लागली, ही दुसरी चूक."

दिरांनी रंध्यातली साल काढून टाकली. "दात काढताना तुम्ही आधी सांगता ना, जरा दुखेल म्हणून? त्या दिवशी तेवढंही सांगितलं नव्हतं."

"नव्हतं," डॉक्टरांनी कबूल केलं.

दिरांनी हात पुसले. "बोला वहिनी. किती लांबीचा रस्ता?"

कारखान्यामागे सिमेंटच्या कंपनीनं टाकून दिलेला जाड रबरी पट्टा गुंडाळून पडला होता. त्याचे तुकडे करून, खाली फळ्यांच्या पट्ट्या ठोकून, दिरांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत गोट्यांवर चाळीस मीटरचा रस्ता अंथरला. डॉक्टर दोन दिवस दवाखाना बंद ठेवून त्यांच्या हाताखाली खिळे देत होते. वहिनींनी मैदानावर चुन्याच्या आठ रांगा आखल्या, दर रांगेला एक रंग दिला, आणि शेडच्या दारात एक फळा टांगला. फळ्यावर खिळे, खिळ्यांवर आकड्यांचे बिल्ले. पाण्यात जाणाऱ्यानं बिल्ला न्यायचा, परत आल्यावर टांगायचा.

रविवारी पहाटेपासून होड्या लादलेले ट्रेलर येऊ लागले. आठला होड्या मोजल्या तर ब्याण्णव. एका होडीचा मुलगा तापानं आला नव्हता.

"मी बसतो," डॉक्टर म्हणाले. "तीस वर्षांपूर्वी बरा चालवायचो."

निरीक्षक बाईंनी घड्याळ हातात घेतलं. वहिनी स्टुलावर चढल्या, तोंडात शिट्टी, हातात रंगीत झेंडे. लाल झेंडा वर गेला तशी लाल रांग निघाली. होडी उतारावरून खाली, रिकामी गाडी रबरी रस्त्यावरून वर, पुन्हा आपल्याच रांगेत आपल्याच आकड्यावर. लाल रांगेची शेवटची होडी उतारावर आली की निळा झेंडा. कोणी ओरडत नव्हतं, कोणी धावत नव्हतं. पाचव्या रांगेनंतर निरीक्षक बाई घड्याळाकडे कमी आणि गाड्यांकडे जास्त बघू लागल्या. शेवटची होडी पाण्यात गेली तेव्हा एकतीस मिनिटं झाली होती.

बाहेर खाडीत सरावाची शर्यत सुरू झाली. शिडं एका ओळीत झुकली होती आणि वहिनींची मुलगी पहिल्या दहांत होती. दिरांनी दुर्बीण वहिनींना दिली. वहिनींनी ती खाडीच्या तोंडाकडे वळवली. टेकडीपलीकडून काळपट पट्टा सरकत येत होता, खालचं पाणी पांढरं होत चाललं होतं.

आता थांबायला सांगावं तर परीक्षा अर्धवट राहील, असा विचार एक क्षण त्यांच्या मनात आला. मग त्यांनी परतीचा झेंडा चढवला आणि शिट्टी फुंकली. निरीक्षक बाईंनी घड्याळ शून्यावर आणलं.

वारा आला तो दणक्यानंच. पाच-सहा होड्या जागीच उलटल्या, मुलांनी त्या सरळ केल्या. सगळी शिडं एकाच वेळी किनाऱ्याकडे वळली. पण उताराकडे कोणी घुसलं नाही. वहिनींनी सकाळी प्रत्येकाकडून वदवून घेतलं होतं: आपला रंग दिसेपर्यंत मोठ्या खडकाच्या आडोशाला थांबायचं, तिथं वारा निम्माच लागतो. लाल. निळा. हिरवा. या खेपेला रिकाम्या गाड्या रबरी रस्त्यावरून खाली येत होत्या आणि होड्या उतारावरून वर जात होत्या. दीर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकेक होडी गाडीवर बसवत होते. मुलगी भिजून चिंब येऊन गेली, बिल्ला टांगून दुसऱ्यांच्या मदतीला पळाली. वहिनींनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि पुढचा झेंडा उचलला.

शेवटची रांग वर आली. सव्वीस मिनिटं. टाळ्या सुरू होणार तोच वहिनी फळ्यापाशी पोहोचल्या होत्या.

"अठ्ठेचाळीस रिकामा आहे. अठ्ठेचाळीस कोण?"

"डॉक्टर," मुलगी म्हणाली.

वहिनींनी मागे वळून पाहिलं, तर दीर बचाव-बोटीत चढलेही होते. बोट टेकडीच्या टोकामागे दिसेनाशी झाली. किनाऱ्यावर दोनशे माणसं तिकडे बघत उभी राहिली. दहा मिनिटांनी बोट परत दिसली. मागे दोरानं बांधलेली होडी, आणि पुढे घोंगडीत गुंडाळलेले अध्यक्ष, चष्मा गायब, दात वाजत असलेले. ते उलट्या होडीवर निवांत बसून राहिले होते. आपल्याला शोधायला कोणीतरी येणार याची त्यांना खात्री होती.

"दुखलं का?" दिरांनी त्यांना उतरवताना विचारलं.

"जरा," डॉक्टर म्हणाले, आणि दोघंही हसले.

वहिनी निरीक्षक बाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "सव्वीस मिनिटं," त्या म्हणाल्या, "आणि एक डॉक्टर. माणूस हरवता कामा नये म्हणाला होतात. लपवत नाही."

निरीक्षक बाईंनी घड्याळ खिशात टाकलं. "मी अकरा जागतिक स्पर्धा पाहिल्या आहेत. त्यातल्या तीन ठिकाणी माणूस कमी आहे हे जेवणाच्या टेबलावर कळलं. तुम्हाला एका मिनिटात कळलं. आणि परतीचा झेंडा तुम्ही माझ्याकडे न बघता चढवलात, ते मी मघाशीच लिहून ठेवलं."

तीन आठवड्यांनी संघटनेचं मतदान झालं. क्लबच्या खोलीत मावतील तितकी माणसं आत होती, बाकीची खिडक्यांना चिकटलेली. पडद्यावर तेरा प्रतिनिधी दिसत होते. दहा मतं वहिनींच्या क्लबला पडली, तीन राजधानीला. क्लबच्या सातव्या मताला बहुमत झालं तसा गलका उडाला, आणि उरलेली मतं कोणी ऐकलीच नाहीत. डॉक्टरांनी दिरांना मिठी मारली. मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली, आणि मग लगेच विचारलं, "यजमान देशाला जागा किती असतात?"

"चार," वहिनी म्हणाल्या. "आणि त्यातली एक तुला निवड चाचणीत जिंकावी लागेल. सेक्रेटरीच्या मुलीला वेगळी रांग नाही."

लोक त्यांना भाषण करायला सांगू लागले. वहिनी खुर्चीवर चढल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी ध्वनिक्षेपकावर बसच्या वेळा सोडून काही सांगितलं नव्हतं. समोर ओळखीचे चेहरे होते: सुतार, शिक्षक, मासे विकणारी बाई, डेपोतले दोन ड्रायव्हर.  अख्ख्या जगाला वहिनींनी घरी बोलावलं होतं, आणि जग येतो म्हणालं होतं.

"एकशेवीस खेळाडू," त्या शेवटी म्हणाल्या. "झोपणार कुठे?"

"माझ्याकडे तीन," मासे विकणारी बाई मागून म्हणाली. "पण ओलं शीड घरात आणायचं नाही, आत्ताच सांगते."

"शाळेचे वर्ग सुट्टीत रिकामे असतात," शिक्षक म्हणाले.

"आमच्याकडे दोन, आणि एक माळ्यावर, उंच नसला तर."

वहिनींनी मुलीकडून कागद मागून घेतला. हात इतके वर होत होते की त्यांना म्हणावं लागलं, "एकेक करून. डावीकडून सुरू करा."