पारखीचा पेला

मित्रांनो, होटगीला रुळांच्या पलीकडे सारजाबाईंचे घर आहे. त्या घराच्या कोनाड्यात उभा असतो तो जुना काचेचा पेला म्हणजे मी. नातवंडांचे पोट दुखले की सारजाबाई माझ्यातून ओव्याचा काढा मोजून देतात. मुलांना वाटते, मी औषधाचाच पेला. पण माझा जन्म त्यासाठी झाला नव्हता. एके काळी माझ्यात परदेशातली उंची व्हिस्की ओतली जात असे, आणि ती खरी की खोटी, चांगली की सामान्य, याची पारख माझ्या काठाशी होत असे. ती वस्तू तुमच्यासाठी नाही. माझी हकीकत मात्र तुमच्यासाठीच आहे.

सन १९२२च्या हिवाळ्यात मी गवत भरलेल्या पेटीतून मुंबईहून सोलापूरला आलो. त्याआधीचे मला फारसे आठवत नाही. भट्टीची धग आणि कारागिराची फुंकर, एवढेच आठवते. त्याने माझे पोट गोल केले, तोंड अरुंद ठेवले आणि खाली बारीक देठ लावला. वास आत साठून राहावा आणि नेमका नाकाशी यावा, म्हणून ही रचना.

स्टेशनाजवळ दिनशाशेठ नावाच्या पारशी गृहस्थांचे विलायती मद्याचे दुकान होते. गिरण्यांचे साहेब, रेल्वेचे अधिकारी आणि गोऱ्या लोकांचा क्लब ही त्यांची गिऱ्हाइके. दुकानामागच्या कोठीच्या किल्ल्या ज्ञानबांच्या कमरेला असत. ज्ञानबा होटगीचे, सारजाबाईंचे पती. वीस वर्षे त्यांनी ती कोठी सांभाळली होती, आणि स्वतः मात्र कधी थेंबाला शिवले नव्हते.

पेट्या उचलायला येडू होता. तो माळशिरसकडचा मेंढपाळ. दुष्काळात कळप गेला, म्हणून सोलापूरला आला. त्याच्या नाकाची करामत प्रथम ज्ञानबांनीच ओळखली. एकदा दिनशाशेठ माझ्यात एक नवी व्हिस्की घेऊन हुंगत बसले होते. कसला तरी ओळखीचा वास येत होता, पण नाव सुचत नव्हते. खांद्यावर पेटी घेऊन जाणारा येडू जागीच थबकला.

"शेठ, पिकल्या बोराचा वास हाय की."

शेठनी पुन्हा हुंगले आणि हसू लागले. वास बोराचाच होता.

"तुला एवढ्या लांबून कसं कळलं रे?" त्यांनी विचारले.

"शंभर कोकरं असली तरी कुणाची आई कोण, ते आमी वासानं सांगतो," येडू म्हणाला.

ज्ञानबा पुढे येऊन म्हणाले, "शेठ, ह्याच्या डोक्यावर पेटी कशाला देता? ह्याच्या हातात पेला द्या."

त्या दिवसापासून मी येडूचा झालो. तो मला ऊन पाण्याने स्वतः धुई, स्वच्छ धोतराच्या पदराने पुसून आधी रिकामाच हुंगे, आणि मगच माझ्यात दोन बोटे व्हिस्की घेई. उजेडात धरून रंग पाही. नंतर वास, मग दोन थेंब पाणी, पुन्हा वास. शेवटी जिभेवर एक घोट फिरवून पिकदाणीत टाकून देई. गिळत तो कधीच नसे.

तीन वर्षांनी आयर्लंडची एक उंची व्हिस्की दुकानात आली. दोन जातींच्या व्हिस्की मुरवून, नंतर एकत्र करून ती तयार केलेली होती. स्कॉच व्हिस्कीला बहुधा धुराचा वास असतो, हिला नव्हता. येडूने डोळे मिटले. 

"आधी मध," तो सावकाश म्हणाला. "मग हिरवं सफरचंद. मागनं जवाच्या कच्च्या दाण्याचा तिखटपणा. ह्यात एक जाड अन् तेलकट हाय, दुसरी हलकी हाय. पण शेठ, दोन रंगांची लोकर एका घोंगड्यात इणावी अन् कुटं जोड दिसू नये, तशी केलीया. लई शाण्या माणसाचं काम हाय हे."

दिनशाशेठनी हे बोलणे क्लबच्या सेक्रेटरी साहेबांना सांगितले. साहेबांना मौज वाटली. पुढे क्लबच्या प्रत्येक खरेदीआधी येडूला बोलावणे येऊ लागले. साहेबांनी त्याला एक काळा कोट दिला. कोटाच्या खिशात बसून मी क्लबच्या व्हरांड्यात जाऊ लागलो. येडू नुसता हुंगून बाटलीचे नाव सांगे आणि साहेब टाळ्या वाजवत. मित्रांनो, खरे सांगतो, मलाही त्या टाळ्या आवडत.

पण हळूहळू येडू बदलला. मला धुणे त्याला हलके काम वाटू लागले. कधी दुकानातले कुणी मला विसळी, कधी मी तसाच राही. रिकामा पेला हुंगायची सवय तर त्याने सोडूनच दिली. मला बोलता येत नाही. येत असते तर मी त्याला हाक मारली असती.

१९२८च्या नाताळाआधी क्लबने त्याच आयरिश व्हिस्कीच्या दोन पेट्या मागवल्या. क्लबचा टांगा दुपारी दारात उभा राहिला आणि येडूला घाई झाली. त्याने खिळ्यावरचे एक फडके ओढले, मला आतून पुसले आणि खिशात टाकले. ते फडके दुकानातले कंदील पुसायचे होते.

व्हरांड्यात बाराजण बसले होते. ज्ञानबा पेट्या घेऊन आले होते. पहिली बाटली काढली, तर तिच्या बुचावरचे वेष्टण चिरलेले होते. येडूने ते पाहिले. त्याने माझ्यात व्हिस्की ओतली, नाकाशी नेली आणि त्याचे तोंड वाकडे झाले.

"राकेल!" तो म्हणाला. "कुणीतरी बाटली उघडून राकेलच्या डब्यातलं काहीतरी मिसळलंय."

सेक्रेटरी साहेबांनी विचारले, किल्ल्या कोणाकडे असतात? सगळ्यांच्या नजरा ज्ञानबांकडे वळल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"येडू, लेका," ते म्हणाले, "दुसऱ्या पेल्यात घेऊन बघ की एकदा."

मी त्याच्या हातात होतो. वास माझ्या अंगाचा होता. माझ्यातल्या व्हिस्कीत मधही होता, सफरचंदही होते. त्या वेळी मी फुटलो असतो तरी बरे झाले असते.

बाराजण येडूकडे पाहत होते. त्याने कोट सारखा केला.

"माझं नाक चुकत न्हाय," तो म्हणाला.

दिनशाशेठनी मान खाली घालून ज्ञानबांच्या कमरेचा जुडगा काढून घेतला. ज्ञानबा चालतच होटगीला गेले. पण ते घरी पोचण्याआधीच ही बातमी गावात पोचली होती.

पेट्या मुंबईला परत गेल्या. पंधरवड्याने उत्तर आले की सगळ्या बाटल्या तपासल्या, माल निर्दोष आहे; वेष्टण प्रवासात चिरले असावे. शेठनी पत्र वाचून दाखवले आणि विचारले, "मग चुकलं कोण?"

येडूने मला कपाटातून काढले आणि कित्येक महिन्यांनी प्रथमच रिकामाच हुंगले; राकेलचा वास अजून येत होता. मग त्याची नजर खिळ्यावरच्या फडक्याकडे गेली. तो तिथेच पेटीवर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन होटगीला गेला. ज्ञानबा रुळांवर खडी टाकायच्या कामावर होते. साठीच्या माणसाच्या डोक्यावर खडीची पाटी होती. येडूने ती उतरवून घेतली आणि मला त्यांच्यापुढे धरले.

"ज्ञानबामामा, वास ह्याला व्हता. मीच पुसला व्हता. चूक माझी हाय."

ज्ञानबांनी मला हातात घेतले. हुंगले नाही. नुसते पाहिले.

"हितं कशाला सांगतोस?" ते म्हणाले. "जितं चोर म्हणालास, तितं जाऊन सांग."

येडू मला घेऊन गेला. त्याच व्हरांड्यात, त्याच साहेबांपुढे त्याने सारे सांगितले. मला वाटले होते, कुणी चिडेल, कुणी ज्ञानबांची चौकशी तरी करेल. पण दोघे हसले, एकाने घड्याळ पाहिले. सेक्रेटरी साहेब म्हणाले, ठीक आहे, आता पारखीला यायची गरज नाही. येडूने कोट काढून खुर्चीवर ठेवला.

दिनशाशेठ स्वतः टांगा करून होटगीला गेले; ती हकीकत मी पुढे सारजाबाईंच्या तोंडून ऐकली. ज्ञानबांनी त्यांना घोंगडे अंथरून बसवले, पाणी दिले.

"ज्ञानबा, चल परत. कोठी तुझीच आहे."

"न्हाय शेठ," ज्ञानबा म्हणाले. "आता किल्ल्या लावल्या, तर येणारा-जाणारा माझ्या कमरेकडंच बघंल."

येडू माळशिरसला परतला आणि दुसऱ्यांच्या मेंढ्या राखू लागला. जाताना त्याने मला ज्ञानबांच्या उंबऱ्यावर ठेवले. मला वाटले, ते मला फेकून देतील. त्यांनी मला कोनाड्यात ठेवले, पण पुन्हा कधी हात लावला नाही.

दरवर्षी लोकर विकायला सोलापूरला आला की येडू होटगीला येई. दोघे ओट्यावर बसत, पावसापाण्याचे बोलत. त्या दुपारचा विषय कुणी काढत नसे. १९३४च्या उन्हाळ्यात ज्ञानबा गेले. येडू आला तेव्हा सारजाबाई एकट्याच होत्या.

"मामी, मामा माझ्याबद्दल कधी काही बोलले?" त्याने विचारले.

"तुमच्यावर राग नव्हता त्यांचा," सारजाबाई म्हणाल्या. "तुमी क्लबात खरं सांगितलं, ते कळलं व्हतं त्यास्नी. पण हितं गावात कुणी काय कुजबुजलं, की हे म्हणायचे, सोलापुरात माझं नाव चांगलं हाय, जाऊन इचारा. सा वर्सं झाली. इचारायला कुणीबी गेलं न्हाय."

येडू रडला. मी कोनाड्यातून पाहत होतो.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची काळजी घ्या, हे तर मी सांगेनच. आम्ही मळलो की आमचा दोष भलत्याच माणसाच्या माथी जातो, आणि आम्हाला ते सांगता येत नाही. पण तुम्हाला बोलता येते. कुणाविषयी एखादी वाईट गोष्ट कानावर आली, तर ती पुढे नेण्याआधी, जाऊन विचारा.